आमच्या व्याह्यांचा दिवसभराचा पास

आमच्या व्याह्यांइतकं पुणं पाहिलेला माणूस खुद्द पुण्यातही सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकं कमी पुणं पाहिलेलाही. शनिवारवाडा त्यांनी निदान दोनशे वेळा पाहिला असेल, पण त्याच्या आत काय आहे हे तुम्ही त्यांना विचारू नका. त्यांनी जे काही पाहिलं ते सिटीबसच्या डाव्या बाजूच्या खिडकीतून. उजव्या बाजूला जे पुणं आहे, ते त्यांच्या मते परत येताना आपोआप डावीकडे येतं, मग मान वळवायचा त्रास कशाला?

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. आमच्या भद्रावतीकडे इवाई म्हणतात, आणि आम्ही एकमेकांना तशीच हाक मारतो. त्यांचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्याही पलीकडे, रानात. तिथे दिवसाकाठी एकच लाल गाडी जाते. संध्याकाळी येते, रात्री गावातच मुक्काम करते आणि पहाटे परत निघते. म्हणून तिला मुक्कामी गाडी म्हणतात. व्याही त्या गावचे टपालवाले. तीस वर्षं रोज संध्याकाळी त्या गाडीची वाट पाहायची, तिच्यातून टपालाची थैली उतरवून घ्यायची आणि पहाटे दुसरी थैली चढवायची, ही त्यांची नोकरी. ड्रायव्हर-कंडक्टरला गावात जावयासारखा मान. जेवण पाळीपाळीने घराघरातून. पहाटे गाडी तीन वेळा हॉर्न वाजवते आणि तरी कोणाचा भात शिजायचा राहिला असेल तर थांबते. बस म्हणजे काय, हे व्याही अशा गाडीकडून शिकले होते आणि तेवढ्या शिदोरीवर ते पुण्यात उतरले.

पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. मुलाचं घर कात्रजला, तिसऱ्या मजल्यावर, खाली बसथांबा. मुलगा-सून कामावर गेलेले, आम्ही दोघं म्हातारे शहर पाहायला निघालो. बस आली. व्याह्यांच्या लक्षात आलं की डबा वरच राहिला. ते शांतपणे कंडक्टरला म्हणाले, "थांबा जरासे, डबा घेऊन येतो," आणि जिना चढायला लागले. खाली आले तेव्हा रस्ता मोकळा होता. दुसरा एखादा संतापला असता. व्याह्यांचा चेहरा काळजीने उतरला. "अशी कशी गेली, इवाई? काई झालं का त्या कंडक्टरच्या घरी? फोन गिन आला असन का?" दुसऱ्या बसमध्ये चढल्यावरही त्यांनी त्या कंडक्टरला आधी हेच विचारलं, मागच्या गाडीवाल्याच्या घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. तो बिचारा "कोणाच्या?" एवढंच म्हणू शकला.

त्याच कंडक्टरने त्यांना दिवसभराचा पास दाखवला. ज्येष्ठ नागरिक, आधार कार्ड दाखवा, थोडेसे पैसे द्या आणि दिवस मावळेपर्यंत काय, त्याच्याही पुढे, पाहिजे त्या बसमध्ये पाहिजे तितक्या वेळा चढा-उतरा. व्याही तो कागद किती तरी वेळ उलटसुलट करून पाहत होते. सरकारने त्यांच्या नावावर पाच एकर धानाचं शेत करून दिलं असतं तरी एवढा उजळला नसता त्यांचा चेहरा. त्या दिवसापासून पुण्याला आले की सकाळी सातला पहिल्या बसमध्ये पास काढायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचा, आणि मग शक्यतो जमिनीला पाय लावायचा नाही, हा त्यांचा नेम झाला. कोपऱ्यावरची भाजी आणायला जायचं तरी एका थांब्यासाठी वीस मिनिटं बसची वाट पाहायचे. मी चिडून म्हणायचो, अहो, दोनशे पावलं आहेत. ते म्हणायचे, "पास हाय ना आपल्यापाशी, इवाई. पाय कायले झिजवाचे?" आणि ज्या दिवशी पास नसेल त्या दिवशी हाच माणूस स्टेशनपर्यंत चालत जाईल, पण रिक्षात बसणार नाही. रिक्षा म्हणजे एकट्यासाठी गाडी, आणि एकट्यासाठी गाडी फक्त आजारी माणसाने करावी, असं त्यांचं ठाम मत. मी रिक्षाला हात केला की ते माझ्याकडे अशा नजरेने पाहायचे की माझाच ताप वाढायचा.

त्यांच्यासोबत शहर पाहायचं म्हणजे सोसणं होतं, हे मी आज कबूल करतो. एकदा मी हट्टाने पर्वती पाहायला निघालो. थांबा आला, मी उठलो, व्याही उठेनात. "बसा ना. अशी खिडकी मंग भेटणार हाय का? पर्वती कुठी पळून जाते?" पर्वती पळाली नाही, पण मीही ती अजून चढलेलो नाही. थेट शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, डेपोतल्या कॅन्टीनचा चहा प्यायचा, तिथल्या टाकीतून बाटली भरून घ्यायची आणि त्याच गाडीने परत. अकरा ते चार गाड्या रिकाम्या असतात, घाटाकडे जाणारी एक गाडी सुटली की तिच्यामागे दुसरी नक्की उभी असते, कुठल्या डेपोतली मुतारी स्वच्छ आहे, हे सगळं त्यांच्या खिशातल्या वहीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. पुण्यात जन्मलेली माणसं थांब्यावर त्यांना गाडी विचारायची आणि ते सांगायचे, "तिच्यानं जाऊ नका बाप्पा, लय फिरून जाते. मागून रिकामी येऊन राह्यली." ती खरंच यायची.

मेट्रोने मात्र त्यांचं मन जिंकलं नाही. एकदाच नेलं मी. गार हवा, चकचकीत डबा, पण ते अंग आखडून बसले. "ड्रायव्हरसंगं बोलाचं त कुठून बोलाचं? टाळं लावून ठेवलं त्याले." बसमध्ये त्यांची पहिली भेट ड्रायव्हरशी असायची. काय साहेब, जेवले का, घर कुठं, पोरं किती? येताना गावाहून मोहफुलाचे लाडू आणायचे आणि ते आमच्यासाठी कमी, ड्रायव्हर लोकांसाठी जास्त असायचे. मोहाचं नाव ऐकून एक ड्रायव्हर दचकलाच. "काका, ड्युटीवर आहे मी!" "लाडू हाय बाप्पा, दारू नाई," असं म्हणत व्याह्यांनी स्वतः एक खाऊन दाखवला, आणि पुढच्या सिग्नलला ड्रायव्हरने गुपचूप हात मागे केला. कोणी धावत येताना दिसलं की व्याही पत्र्यावर थाप मारून ओरडायचे, "थांबवा! मानूस येऊन राह्यला!" गाडीतली निम्मी माणसं हसायची, निम्मी घड्याळ पाहायची. मी खिडकीबाहेर पाहायचो, ओळख नसल्यासारखा.

पण रोज दुपारी तीन वाजले की ते मला कटवायचे. "तुमी करा आराम" म्हणायचे आणि जायचे, ते दिवेलागणीला सुनेबरोबरच परतायचे. पत्ते कुटायला एखादा कट्टा सापडला असेल, असा माझा तर्क. शेवटी एक दिवस मी मागेच लागलो. ते थोडे घुटमळले. "चला. पण लय दूर हाय."

दोन गाड्या बदलून आम्ही वाघोलीला पोहोचलो, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कात्रजला येणारी गाडी तिथून सुटते. आम्हाला तिथूनच परत यायचं होतं. मला काही उमजेना. पहिल्या गाडीत खिडकी मिळाली नाही, व्याह्यांनी गाडी सोडली. दुसरीही सोडली. तिसरी पुरती थांबायच्या आत हा पासष्ट वर्षांचा माणूस दांडी धरून आत होता. खिडकी मिळवली आणि शेला मांडीवर घेऊन बसले. मी मागच्या बाकावर. गाडी भरत गेली. खराडीला पाठीवर पिशव्या लावलेल्या पोरांचा लोंढा चढला, आणि त्या लोंढ्यात आमची सून. तिचं ऑफिस तिथेच. व्याही उठून उभे राहिले, पण जागेसमोरून हलले नाहीत. एक पोरगा बसायला वाकला, तर नम्रपणे म्हणाले, "बाबू, तिची हाय जागा." सून आली. "बस, माय," म्हणाले. ती बसली, काचेला डोकं टेकलं आणि पुढचा सिग्नल यायच्या आत झोपली.

मी पाहतच राहिलो. गाडी स्वारगेटकडे सरकत होती, उन्हं उतरती होती आणि तिरपी होऊन थेट तिच्या तोंडावर येत होती. व्याह्यांनी एका हाताने दांडी धरली आणि दुसऱ्या हाताने शेला काचेवर धरला. गाडी वळली की शेला सरकवायचे. दीड तास. मी माझी जागा देऊ केली, तर म्हणाले, "मंग ऊन येते ना तिच्यावर." मी हळूच म्हटलं, रोज एवढा आटापिटा करता, आणि पोरगी तर झोपते. बोलणं काहीच नाही?

"बोलाचं काय हाय?" ते म्हणाले. "गडचिरोलीले शिकाले होती, तवा दर सोमवारी पहाटे मुक्कामी गाडीत बसवून देत होतो. गाडी निघाली का मी थैलीची पावती घेऊन घरी. पुढं ती झोपली का जागी राह्यली, हासत गेली का रडत गेली, मले कधी दिसलंच नाई. आता दिसून राह्यलं."

माझा मुलगा शिकत होता तेव्हा मी त्याला रिक्षाला पैसे द्यायचो, आणि मला वाटायचं मी फार करतो.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला व्याही शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. आत सळई बसवली. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. विहीणबाई कोंबड्या सोडून कुठे जात नाहीतच, आता व्याह्यांना सोडूनही जात नाहीत. मी मात्र भद्रावतीचं घर भाड्याने देऊन कायमचा पुण्याला आलो आहे. आणि मी सुखात आहे म्हणावं, तर मला इथे करमत नाही. रिक्षा हात करताच थांबते, पण तिच्यात बसलो की आपणच आजारी असल्यासारखं वाटतं. शनिवारवाड्यापुढून बस गेली की मी सवयीने शेजारी पाहतो. त्यांच्यासोबत फिरताना मी जितका वैतागलो, तितका आयुष्यात कधी वैतागलो नाही, आणि त्यातला एक दिवस परत मिळाला तर मी तो वाघोली ते कात्रज उभ्याने काढीन.

दरम्यान सुनेच्या ऑफिसने जागा सोडली. आता तिचं काम घरूनच चालतं, जेवणाच्या टेबलावर. हे व्याह्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. कारण साडेपाचला, ती पूर्वी ऑफिसातून सुटायची त्या वेळी, त्यांचा फोन येतो. त्यांच्या घरात रेंज नाही. रेंज मिळते ती गावच्या बसशेडपाशी. तिथवर ते काठी टेकत येतात. विहीणबाई सांगतात, दिवसभर खाटेवरून उठा म्हटलं तर उठत नाहीत, पाच वाजले की काठी शोधतात. उगीच फोन करणाऱ्यातले ते नाहीत. कामाशिवाय फोन करू नये, दुसऱ्याचा खोळंबा होतो, हा त्यांचा जुना दंडक. रविवारी त्यांचा फोन येत नाही, कारण रविवारी पोरीला सुट्टी.

"मी खोटं बोलते, मामाजी," सून मला एकदा म्हणाली. "पण खरं सांगतलं त ते फोन कायले करतील? अन् घराबाहेर कायले निघतील?"

ती फोन टेबलावर ठेवून बोलते, त्यामुळे मलाही ऐकू येतं.

"बसली का गाडीत?"

"बसली, बाबा."

"जागा भेटली?"

"भेटली. खिडकीची."

"कोनं देल्ली?"

हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं त्या दिवशी ती अडखळली. मी समोर शेंगा सोलत बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. "एका काकानं उठून देल्ली, बाबा."

"भला मानूस हाय. त्याले माझा जय भीम सांगजो."

"सांगते."

"झोप मंग थोडी," ते म्हणाले आणि फोन बंद झाला. तिने फोन टेबलावर पालथा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मामाजी, बाबांनी तुमाले जय भीम सांगतला."

तेव्हापासून रोज साडेपाचला मी कुठेही असलो तरी घरी येतो. फोन होईपर्यंत तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसतो. ती निरोप सांगते. मी खुर्चीवरून उठतो, आणि उभा राहून म्हणतो, जय भीम.