बाहेरची कडी

कचेरीसमोर इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या बाईला सगळे कलमबाई म्हणत. शाळा सातवीत सुटली, पण म्हाताऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा तिने गिऱ्हाइकांचे शर्ट दाबता दाबता पाठ केला होता. घरच्यांनी छळलेला म्हातारा दिसला की इस्त्री बाजूला आणि अर्ज पुढे. ‘तुला गं काय पडलंय?’ असं विचारणाऱ्याची ती भर रस्त्यात घडी घालायची.

एका रविवारी सुतारकाका मुलाचे कपडे घेऊन आले आणि कपडे देऊनही उठेनात. “उद्या पुन्हा कोंडेल,” एवढंच बोलले. मुलगा कामावर जाताना त्यांच्या खोलीला बाहेरून कडी घालायचा. कलमबाईचं डोकं फिरलं. तिथेच तिने अर्ज खरडला. नुसतं ‘कोंडतो’ लिहून साहेबलोक ढिम्म हलत नाहीत, हा तिचा अनुभव. म्हणून ‘रोज मारहाण करतो’ हेही ठोकून दिलं. काकांनी चष्म्याविनाच सही केली.

सुनावणीला साहेबांनी विचारलं, “मुलगा मारतो?”

काका गोंधळले. “नाही साहेब. हात नाही लावला कधी. खोटं कशाला बोलू?”

मुलगा हसला. “बघा! बाबा विसरतात, रस्ता चुकतात. काळजीपोटी दार लावतो. या बाईनेच त्यांना भरीला घातलं.”

साहेबांनी अर्ज मिटला. तो बाद झाला की काका परत त्याच दारामागे.

चूक कबूल करणं कलमबाईच्या रक्तातच नव्हतं. तरी ती उठली. “साहेब, ते वाक्य माझं. चूक माझी. मला काय झापायचं ते नंतर झापा. पण यांना विचारा, दिवस कसा जातो. मी सांगते ना, हे—”

“तू गप्प बस गं,” काका म्हणाले. “मला तोंड आहे.”

मग ते साहेबांकडे वळले. “सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. हा कोपऱ्यात बादली ठेवतो, तिथेच सगळं उरकायचं. ते दार मी माझ्या हाताने केलंय. कडी आतून होती. याने ती उपटून बाहेर लावली. चार स्क्रू, त्यातला एक वाकडा. चाळीस वर्षं लोकांची दारं बसवली, साहेब. माणूस कोंडायला एकही नाही बसवलं.”

“बादली?” साहेबांनी मुलाकडे पाहिलं. “संध्याकाळी मीच धुतो ती,” मुलगा पुटपुटला.

“अर्ज दुरुस्त करून द्या. आजच आदेश काढतो,” साहेब म्हणाले. “हवालदार सोबत येईल, कडी निघेल. आणि पुन्हा बापाला कोंडलंत, तर घर तुम्ही सोडायचं.”

“आणि हे हरवले तर जबाबदार कोण?” मुलगा फणफणला.

“मी,” काका म्हणाले.

कलमबाईने झरझर नवा अर्ज लिहून पुढे सरकवला. काकांनी पेनाला हात लावला नाही.

“आधी वाच. मोठ्याने. सगळा.”

कुणाच्या बापाचं न ऐकणारी ती बाई मुकाट उभी राहिली, घसा खाकरला. मुलगा दाराकडे निघाला.

“तू कुठे चाललास?” काका म्हणाले. “बस. तूही ऐक.”