फळ्यावरचा अर्धा दसरा

दसऱ्याला अजून दोन-तीन दिवस होते. फोन वाजला आणि मला वाटलं, यंदा भाऊजींनी घाईच केली. आम्ही बदलापूरला राहायला आल्यापासून दसऱ्याच्या सकाळी त्यांचा फोन ठरलेला. पण पलीकडे त्यांचा मुलगा होता. "काकू, बाबा गेले." पुढे तो बरंच काही बोलला, मला त्यातलं फारसं आठवत नाही. दुपारी उल्हासनगरला कॅम्पात जाऊन आले, परतल्यावर भात लावला, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्याच राहिल्या...

भोईर भाऊजी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी. आगरी माणूस, आवाज मोठा, अक्षर मात्र देखणं. फाटकाशी सोसायटीचा काळा फळा होता. पाणी कधी येणार, टाकी कधी धुणार हे त्यावर लिहायचं आणि सणासुदीला शुभेच्छा, हे काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलेलं. आम्ही तिथे गेलो तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी एकदा रंगीत खडूंनी वेलबुट्टी काढून लिहिलं, 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा'. तळमजल्यावरच्या शेख भाभी जीन्सच्या कारखान्यात शिलाईला जायच्या. त्या फळ्यापुढे थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाईसाब, ये खुशी का दिन नहीं होता. मातम का होता है." भाऊजींनी खांद्यावरचा पंचा ओला करून फळा पुसला. तेव्हापासून एक प्रथाच पडली. कोणाचाही दिवस आला की आदल्या संध्याकाळी त्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं की तुमच्यात काय म्हणतात. सिंध्यांच्या नववर्षाला, चेटीचंडला, ते होतचंदानींकडे जायचे, डिसेंबरात आमच्याकडे. सहा तारखेला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, शुभेच्छा नाही, अभिवादन लिहायचं, हे मी सांगितलं आणि त्यांनी तसंच लिहिलं.

माझं खरं दुखणं दसऱ्याचं होतं. बिल्डिंगमध्ये बौद्ध घर आमचं एकच. सासरे छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. आमच्यासाठी तो दिवस त्या दीक्षेचा, आणि सकाळपासून दाराशी रीघ लागायची, "सोनं घ्या वहिनी, सोन्यासारखं राहा." माणसं चांगली होती, मनापासून देत होती. मी आपट्याची पानं घ्यायची, हसायची, दार लावायची. आपला दिवस दरवर्षी नव्यानं समजावून सांगायचा, याचा एक वेगळाच शीण असतो. मला एवढंच हवं होतं, की वर्षातून एकदा फाटकाशी त्या दिवसाचं नाव आमच्याही बाजूनं दिसावं. भाऊजींना ते बोलून दाखवलं. त्या दसऱ्याला त्यांनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे विजयादशमी, उजवीकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. अर्धा फळा माझा! सासरे खाली जाऊन दोनदा वाचून आले. "एकाच दिवसाला दोन-दोन कशाला?" अशी कुरकुर झाली, पण रेघ पुढची काही वर्षं टिकली.

मग ब्याण्णव-त्र्याण्णवात मुंबईत जे झालं त्याची धग इथवर आली. पुढच्या ईदेच्या आधी सोसायटीची मीटिंग भरली. ईद फळ्यावर नको, असं पाच-सहा जण म्हणाले, बाकीचे चटईकडे बघत बसले. भाऊजी उठले. "ईद लिवाची नसंल तं मी दिवाली पन नाय लिवनार." कोणाला वाटलं, बोलतील आणि विसरतील. पण त्यांनी खडूंचा डबा टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले. शेवटी तोडगा निघाला. पेंटर बोलावून फळ्यावर ऑइलपेंटनं कायमचं लिहून घेतलं, 'सर्वांना सर्व सणांच्या शुभेच्छा'. झालं! एका फटक्यात सगळ्यांचे सगळे सण उरकले. मला भाऊजींचाच राग आला. ईदेसाठी भांडताना माझा दसराही गेला, हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही? तो राग थोडा अजूनही आहे.

त्या वर्षी दसऱ्याला बेल वाजली. आपट्याची पानं घ्यायला हात पुढे केला, तर दारात भाऊजी, हात रिकामे. "जय भीम, वहिनी." मी म्हटलं, "तुम्हाला विजयादशमीच्या शुभेच्छा, भाऊजी." ईदेला ते शेख भाभींकडे असेच गेले होते, हे मला भाभींकडूनच कळलं. पुढे गुडघे गेले तरी भाऊजी दर सणाला जिना चढायचे.

यंदा दिवाळीच्या दिवशी भाऊजींच्या घरी गेले. आमच्याकडे दिवाळी करत नाहीत. पण मयताच्या घरी पहिल्या वर्षी कढई चढत नाही, फराळ दुसऱ्यांनी न्यायचा असतो, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा चकल्या तळल्या, त्यातल्या निम्म्या तेलात हसून सुटल्या. दार त्यांच्या बायकोनं, यमुनाबाईंनी उघडलं. मी डबा धरून उभी. दिवाळीच्या शुभेच्छा म्हणता येईना, आणि काय म्हणायचं ते विचारून घ्यायला ज्यांच्याकडे जायचं तेच गेलेले. यमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, डबा काढून घेतला आणि सतरंजीवर सरकून जागा केली.

"बस गो सुनंदा. आमचे घरान यंदा काय बोलाचा नसतं. नुसती बस."

मी बसले.