बाल्कनीचा हशा

नाटकाला सरकारने पैसे द्यावेत, हे मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला ऐकवत आले आहे. वॉर्ड ऑफिसात, नगरसेवकाच्या दारात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत एका आमदाराला, त्याचा घास हातात असताना. रस्त्यांना देता, बागांना देता, त्या बंद पडलेल्या कारंज्यांना देता, मग नाटकाने तुमचं काय घोडं मारलंय? आमदाराला ठसका लागला. बाकी सगळ्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "पण मॅडम, प्रेक्षक आहेत कुठे? सगळे मोबाइलवर."

माझा तिळपापड व्हायचा. प्रेक्षक आहेत, मी सांगायचे. तुम्ही दार उघडा, ते येतात.

आमचं मंडळ विक्रोळीचं. कारखान्यात कामाला असलेल्या लोकांनी सुरू केलेलं. त्यातले बरेचसे आता गेले. उरलेल्यांना आणि नंतर आलेल्या आम्हाला घेऊन एक म्हातारे दिग्दर्शक नाटकं बसवतात. मूळचे मालवणचे. सगळे त्यांना काका म्हणतात. नाट्यगृहाचं भाडं आमच्या आवाक्याबाहेर गेल्यावर काकांनी सांगून टाकलं, यंदा अनुदान मिळालं तर नाटक फिरवू, नाहीतर हे शेवटचं. त्यांच्या आवाजात जराही नाटक नव्हतं, म्हणून मी घाबरले. त्या माणसाचं दुसरं काही नव्हतंच.

अनुदानाआधी परीक्षण होतं. तीन परीक्षक येतात आणि रिकाम्या नाट्यगृहात प्रयोग बघतात. बाहेरचं माणूस आत चालत नाही, कारण पूर्वी काही मंडळं हसायला आणि टाळ्या पिटायला घरचीच मंडळी आणून बसवायची. कुणी सापडलं की अपात्र. आम्हाला सकाळची वेळ मिळाली, मुलुंडकडच्या एका जुन्या नाट्यगृहात. तिथली बाल्कनी छताचे पोपडे पडतात म्हणून कुलूप लावून बंद केलेली. काकांनी पोहोचल्या पोहोचल्या जाऊन ते कुलूप ओढून बघितलं. उगाच नंतर भानगड नको.

नाटक विनोदी होतं. मी त्यात भांडखोर आत्या करते, आणि घरचे म्हणतात की त्यासाठी मला नुसता मेकअप पुरतो, अभिनय लागत नाही. विनोदी नाटकात हशाच्या जागा असतात. वाक्य टाकलं की थांबायचं, लोकांना हसू द्यायचं, मग पुढचं बोलायचं. काकांनी आमच्याकडून हे इतकं घोटून घेतलंय की ते आता अंगातच गेलंय. समोर कुणी नाही, तेव्हा त्या जागा गाळून पुढे चला, हे आदल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं. आम्हा एवढ्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

पडदा उघडला. मी पहिलं वाक्य टाकलं आणि थांबले. समोर अंधारात रिकाम्या खुर्च्या, मध्ये तीन चेहरे, एकाच्याही चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. आपण विनोद करून गप्प उभं राहायचं आणि समोरून काहीच यायचं नाही, याची भीती वेगळीच असते. माझा भाऊ झालेला नट थांबला, सून थांबली. प्रत्येक जागेला आम्ही ठरलेला वेळ गप्प उभे. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मग एका जागेला हशा आला.

फार मोठा नाही. वरून आला, आणि किंचित उशिरा. बाल्कनीचा हशा नेहमी असाच येतो. खालचे आधी हसतात, वरचे त्यांच्या मागून. इथे खालचे हसलेच नव्हते. माझ्या हातावर काटा उभा राहिला, आणि सांगायला लाज वाटते, पण बरंही वाटलं. पुढच्या जागेला पुन्हा आला. जोडीला कुणाचा तरी खोकला, खुर्चीची फळी आपटल्याचा आवाज. सगळं ओळखीचं. तिघं परीक्षक एकदम मागे वळून वर बघायला लागले. आम्ही काम करत राहिलो, आणि खरं म्हणजे फार छान केलं.

पहिला अंक संपताच परीक्षकांतल्या अध्यक्षबाई उठून रंगमंचापाशी आल्या. "वर कोण बसवलंय तुम्ही?"

काका विंगेतून पुढे आले. चेहरा पांढरा पडलेला. "वर कोण नाय, मॅडम. कुलूप आसा."

दारावरचा माणूस वर जाऊन आला. कुलूप होतं. उघडून बघितलं, धूळ होती आणि पोपडे. बाई वाईट नव्हत्या. त्याही जरा घाबरलेल्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "मग आम्हाला भास झाला, असं धरू. अर्जावर तुम्हा दोघांच्या सह्या आहेत, दोघांनी फक्त सांगा, प्रेक्षक नव्हते. माझ्याकडून विषय संपला."

"नव्हते," काका म्हणाले आणि माझ्याकडे बघायला लागले. त्या नजरेत नुसती विनवणी होती.

एक शब्द म्हणायचा होता. तो जिभेवर आलाही होता. पण प्रेक्षक नाहीत, हेच इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडून ऐकलेलं, आणि दर वेळी त्यांच्या अंगावर धावून गेलेली. आज माझ्या तोंडून ते निघेना.

"होते," मी म्हणाले.

"कोण होते?"

"नेहमीचे."

बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे मला अपात्र लिहावं लागेल." मी मान हलवली. तिघं सामान आवरून निघून गेले. दार लागल्याचा आवाज आला.

सगळे माझ्याकडे बघत होते. सून झालेली मुलगी रडायला लागली. मला काकांकडे बघायचं धाडस होईना. त्यांचं शेवटचं नाटक मी अर्ध्यात मारलं होतं. मी केसांच्या टोपाचा अंबाडा सोडायला हात वर नेला.

काकांनी माझा हात धरून खाली केला.

"दुसरो अंक रवलो हा, बाय," ते म्हणाले. "जाग्यार उभी रव. लोकां वाट बघतत."