आईच्या खात्याला कुलूप

साताऱ्याच्या एसटी स्टँडबाहेर आईची चहा-पोह्यांची गाडी आहे. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. माझा थोरला भाऊही आहे. त्यामुळे ड्युटीवर निघालेल्या पोराला कशालाच नाही म्हणायचं नाही, असा आईचा नियम. स्टँडवरचं एटीएम बंद असलं की ही पोरं तिच्या क्यूआरवर पैसे टाकायची, तिच्याकडून रोख घ्यायची आणि पळत एसटी गाठायची.

गेल्या हिवाळ्यात असाच एक आला. बारीक कापलेले केस, खांद्यावर हिरवी बॅग.

"मावशी, दोन हजार रोख मिळतील का? ऑनलाइन टाकतो."

पैसे जमा झाल्याचं गाडीवरचं यंत्र बोललं. आईनं रोख दिली, वर चहाचे पैसे घेतले नाहीत.

आठवड्याभरानं तिचा सांगलीला फोन आला. मी तिथं शिकते.

"अगं, दूधवाल्याला पैसं जाईनात. माझंच पैसं हायत, आन मलाच देत न्हाईत!"

दूध, साखर, गॅस, सगळा व्यवहार त्या एका खात्यातून. ते उघडलं नाही तर गाडी लागणार नव्हती. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच साताऱ्याला पोचले आणि तिला घेऊन बँकेत गेले. साहेब स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "खात्यात फसवणुकीचे दोन हजार आलेत. दुसऱ्या राज्यात तक्रार आहे. तिथल्या पोलिसांनी गोठवायला लावलंय."

"मग तेवढे दोन हजार अडवा. सगळं खातं कशाला?"

"सिस्टिममध्ये तसंच होतं."

"सिस्टिम कुणी केली?"

त्यांनी उत्तराऐवजी एक पत्रक पुढं केलं. वडील चळवळीची पत्रकं वाटायचे, मी वाचायला त्यांवरच शिकले. पत्रक कुणाच्या बाजूनं लिहिलंय हे मला चार ओळींत कळतं. ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका, अनोळखी ॲप घेऊ नका. आईनं यातलं काहीही केलं नव्हतं. ग्राहकाला दटावण्यात अख्खं पान खर्ची पडलेलं, आणि बँक स्वतः काय करणार याबद्दल एक शब्द नाही. पैसे क्षणात पोचतात म्हणून हेच लोक मिरवतात. चोराचे पैसेही क्षणातच पोचतात, हे कोण सांगणार? तो ते खात्यामागून खात्यात फिरवून निसटतो, आणि कुलूप लागतं पोहेवाल्या बाईच्या खात्याला.

पुढं माझा सगळा वेळ फोन आणि ईमेल करण्यात गेला. पोलीस म्हणायचे बँकेला विचारा, बँक म्हणायची पोलिसांचं पत्र आणा. तक्रार नोंदवायच्या पोर्टलवर गेलं की मराठी पान उघडायचंच नाही. इकडं गाडी ताडपत्रीखाली झाकलेली. आई रोज स्टँडवर जाऊन कुणी तिची जागा धरली नाही ना, एवढं बघून परत यायची. तो पोरगा खोटा जवान होता की त्यालाही कुणी फसवलं होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

अखेर पत्र आलं. दोन हजार सोडून बाकी खातं उघडलं. साहेब आता खुशीत होते. "मावशी, आमचं नवीन ॲप घ्या. घरबसल्या कर्ज मिळतं."

"आवं सायेब, इतकं दिस घरीच बसीवलंत की! आता आनि काय देताय?"

शेजारच्या रांगेतले हसले. आई हसली नाही. तिनं दूधवाल्याचे पैसे ठेवले आणि बाकी सगळे रोख काढून मागितले.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर वैतागले. नोटा गाडीच्या डब्यात ठेवणार, स्टँडवर पाकीटमार फिरतात, ही कसली सुरक्षा?

"चोरी झाली तर काय करशील?"

"करंल की कुणी चोरी. पर त्याला तोंड असंल. चार शिव्या तरी देता येतील."