परमिट माझ्या नावावर होतं

मागच्या मंगळवारची गोष्ट. वडगाव रासाईत नदीकडच्या पाण्याच्या मोटारींच्या लाईनवर जंप तुटला होता. जंप म्हणजे खांबावर तारेला तार जोडणारा तुकडा... जोडायला दहा मिनिटं पुरतात.

मी वायरमन आहे. हो, बाईच. सात वर्षं खांबावर चढतेय आणि सात वर्षं लोक खाली उभे राहून बघतायत. आधी टिंगल करायचे, आता कौतुक करतात. कौतुकाचंही ओझं असतं बरं का.

आमच्यात परमिटशिवाय कुणी तारेला हात लावत नाही. सबस्टेशनला फोन करायचा. तिथले ऑपरेटर लाईन बंद करतात, रजिस्टरला आपलं नाव लिहून नंबर देतात. आपण परमिट परत करेपर्यंत ती लाईन कुणाचा बापही चालू करू शकत नाही.

मी परमिट घेतलं. रॉडने तारेतला उरलासुरला करंट उतरवला, चुकून आलाच तर जमिनीत जावा म्हणून अर्थिंग लावलं. मग मामांना परत फोन केला, लाईन नक्की बंद आहे ना? मामा म्हणजे आमचे ऑपरेटर, रिटायरमेंटला आलेले. कमरेला सेफ्टीचा पट्टा बांधला आणि आणखी एकदा फोन केला...

चार महिने हे असंच चाललं होतं. चार महिन्यांपूर्वी माझा जोडीदार संतोष माझ्या डोळ्यांदेखत खांबावर चिकटला. लाईन बंदच होती, पण अर्थिंग लावायच्या आत शेजारच्या मांडवात कुणीतरी जनरेटर सुरू केला आणि करंट उलटा लाईनवर आला. संतोष पट्ट्याला लटकत राहिला. नशीब, वाचला. तळवा भाजला होता, दोन महिन्यांत कामावर आला आणि आल्या आल्या पहिल्यासारखा चेष्टामस्करी करायला लागला.

आणि मी, जिला साधा चटकाही बसला नव्हता, तिची झोप उडाली होती. कामाला निघाले की अर्ध्या रस्त्यातून स्कूटी वळवायची आणि घरचा मेन स्विच बघायला परत यायची. नवऱ्याला सांगायची, पाकीट राहिलं. खरं सांगणार कुणाला? भ्याले म्हटलं की झालंच... लोक लगेच म्हणणार, तरी सांगत होतो, बायकांचं काम नाही हे.

तर मंगळवारी मी सहा फूट चढले आणि पाय थांबले. बोटांना मुंग्या, कानात नुसती धडधड. सगळं बरोबर केलंय हे डोक्याला माहीत होतं, अंगाला पटत नव्हतं.

खाली तिघं-चौघं उभे. उसाला पाणी द्यायचं होतं आणि शेतीची लाईट तीनला जाणार होती. "ताई, दोनच तास राह्यलेत," आप्पा म्हणाले. वयस्कर माणूस, आवाजात राग नव्हता. पण त्यांचा पुतण्या बापू, चांगला चाळिशीचा, त्याने चपला काढल्या.

"उतरा मॅडम. मी जोडतो, मला येतंय."

असं 'येतंय' म्हणत चढलेले किती जण गेलेत, ते आम्हाला माहीत असतं. मी अशा अवस्थेत वर जायचं, नाहीतर पट्टा नसलेल्या माणसाला जाऊ द्यायचं... दोन्ही नको असेल तर तिसरं एकच होतं, आणि तेच मी चार महिने टाळत होते.

खाली उतरले. खांबाला पाठ लावून, सगळ्यांच्या देखत फोन लावला.

"आता काय गं? बंदच हाय लाईन."

"मामा, परमिट बरोबर हाय. मीच बरोबर न्हाई. मला लई भ्या वाटतंय."

मला वाटलं, संपलं... नोकरी नाही, पण सात वर्षांचं नाव गेलं.

"पाय जमिनीवर हायत का?"

"व्हय."

"मग नीट ऐक. परमिट तुझ्याच नावावर ऱ्हाईल. मी दुसरा माणूस धाडतो. तवर कुणाला वर चढू द्यायचं न्हाई, ही तुझी ड्युटी."

बस्स, एवढंच. रागावले नाहीत, समजूतही काढत बसले नाहीत. जमेल तेवढं काम माझ्याकडे ठेवलं. मी बापूला चपला घालायला सांगितल्या आणि त्याने कुरकुरत का होईना घातल्या.

अर्धा तास बांधावर बसून होतो. आप्पा शेजारी येऊन टेकले, तंबाखू मळत हळूच म्हणाले, "ट्रॅक्टर उलटला तवापासनं मी ट्रॅक्टरवर बसत न्हाई. घरी सांगतो, गुडघा दुखतोय." मग नदीकडे बघत बसले. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसरा माणूस आला. तो संतोष होता, दुसऱ्या फॉल्टवरून थेट आलेला.

त्याने पट्टा बांधला आणि चढायला लागला. मी पुन्हा खाली, पुन्हा मान वर. ती दहा मिनिटं श्वास कसा घेतला ते विचारू नका... पण नजर हलवली नाही.

तो उतरल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्या दिवशी त्याची मान कशी लोंबत होती, मी किती हाका मारल्या, सगळं. तो भाजलेला तळवा चोळत ऐकत होता. म्हणाला, "मला ह्यातलं कायच म्हाईत न्हाई. मी बेशुद्ध हुतो. समदं तूच बघितलंस की."

अर्थिंग काढलं आणि परमिट परत करायला मामांना फोन लावला. परत करताना ठरलेलं वाक्य म्हणावं लागतं... माणसं खाली, सामान खाली, लाईन चालू करा. अपघाताच्या दिवशी ते दुसऱ्याच कुणी म्हटलं होतं. मंगळवारी मी म्हटलं आणि मला रडूच आलं. संतोष खाली आलाय, हे मला चार महिन्यांनी पटलं.

आता मनाच्या डॉक्टरांकडे जायला सुरुवात केलीय, दौंडला. नवऱ्याला खरं सांगूनच गेले. अजून एकटी चढत नाही, संतोष सोबत असतो. आणि मामांना दोनदा फोन जातोच... ते दोन्ही वेळा उचलतात.

करंट बसलेल्या माणसाला भेटायला अख्खा गाव नारळपाणी घेऊन जातो, जावंच. पण त्या वेळी खाली उभं राहून बघणारं कुणीतरी असतं. येताना त्याच्याही दारात थांबा आणि विचारा, तुला झोप लागते का?