रीत मागणाऱ्या वानखडे बाई

उत्तर बरोबर पण रीत गाळलेली, अशा गणिताला वानखडे बाई सरळ भोपळा द्यायच्या. मलकापूरच्या आमच्या शाळेत कुणी कुरकुर केली, की म्हणायच्या, "उत्तर कोनीबी सांगते. आलं कसं, ते दाखव."

मी तिथं संगणक शिकवायचो. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर लिनक्स ही सगळ्यांना खुली असलेली प्रणाली आली ती बाईंच्याच हट्टानं. पडद्यावर चित्र कसं उमटवायचं हे संगणकाला सांगणारा ग्राफिक्स ड्रायव्हर दोन तऱ्हांचा मिळे. एक, संगणकातलं चित्राचं कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा, वेगवान पण आतून कुलूपबंद. दुसरा ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही उघडून वाचावा असा, पण आमच्या कार्डावर रखडणारा. बाईंनी दुसराच टाकायला लावला. "ज्याची रीत दिसत नाही, ते पोरायसमोर ठेवू नको." मी मनातल्या मनात चरफडायचो.

मग बाईंची नजर कडेकडून जायला लागली. अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. नजर आहे तोवर दहावीची भूमिती आकृत्यांसकट संगणकावर उतरवून ठेवायची, असं बाईंनी घेतलं मनावर. पडदा भिंगासारखा मोठा करून त्या काम करत. पण उघड्या ड्रायव्हरवर तो सरकवला की चित्र थरथरायचं, आणि बाई डोकं धरून बसायच्या.

एक दिवस म्हणाल्या, "भाऊ, कंपनीवाला टाक."

मी सांगितलं, आपल्या जुन्या कार्डाला कंपनीनं केव्हाच वाऱ्यावर सोडलंय. तो ड्रायव्हर हवा तर या संगणकावर जुनंच लिनक्स ठेवावं लागेल, पुढं कधी अपडेट नाही.

"आणि रीत, बाई?"

"रीत पाहाले डोये लागतात बापा. माह्याजवळ किती राह्यले?"

मी ड्रायव्हर टाकला आणि चित्र गुळगुळीत सरकू लागलं. शाळा सुटली तरी बाई उठत नसत. वर्तुळाच्या प्रकरणापर्यंत आल्या, आणि तिथंच एका दुपारी त्यांना स्वतःच काढलेली रेघ सापडेना. कितीतरी वेळ नुसता माऊस हलवत होत्या. इतका राग मला देवाचा कधी आला नव्हता.

बाईंच्या निरोपाच्या दिवशी त्यांची मुलगी हात धरून त्यांना घेऊन आली. भाषणं चालू असतानाच बाईंनी मला जवळ बोलावलं.

"माह्यावाला संगणक तसाच हाय ना?"

"हाव, बाई."

"मंग आता उघडा ड्रायव्हर टाक त्याच्यावर. राह्यलेल्या आकृत्या पोरायलेच काढू दे. त्यायले काही घाई नाही."