मांजरीला दिलेला डाग

आमच्या भागात बैलाला डाग द्यायचा असला की लोक माझ्याकडे येतात. आता कमी येतात, पण येतात. खांदा सुजला, पाय लचकला, पोट फुगलं, की मी विळा लाल करायचो आणि कुठं, किती टेकवायचा ते बघून टेकवायचो. माझी शाळा चौथीपर्यंतच. पण जनावराच्या अंगावरून हात फिरवला की मला त्याचं दुखणं कळतं, असं लोक म्हणायचे आणि मीही म्हणायचो. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते या घमेंडीनं झालं.

मांजर मुळात आमची नव्हती. धारूरच्या डोंगराखाली आमची वस्ती. दिवाळीच्या आगंमागं निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला जातात. बैल जातात, कोंबड्या जातात, कुत्रं गाडीमागं पळत जातं. मांजर जात नाही. पाच-सहा वर्षांमागं शेजारी असाच गेला आणि त्याची ही मांजर बंद दारापुढं दोन दिवस ओरडून आमच्या ओट्यावर आली. मी दोनदा हाकलली. तिसऱ्यांदा ती सरळ मांडीवर चढली आणि पाय दुमडून बसली, जशी काही मी तिच्यासाठीच बसलो होतो.

उन्हाळ्यात शेजारी परत आला. तिला उचलून नेली. दिवस मावळायच्या आत ती पुन्हा माझ्या मांडीवर. तो हसत म्हणाला, "आबा, तुमाला समदी वस्ती भिती, आन ही बया मांडीवर बसती." मी तोंड वाकडंच ठेवलं, पण आतून लई बरं वाटलं. माझी पोरंसुद्धा माझ्या मांडीवर कधी बसली नाहीत. त्यांची हिंमतच झाली नाही, आणि मीही कधी बोलावलं नाही.

नावबिव काही ठेवलं नाही. मांजर ती मांजर.

गाठ मलाच सापडली. मागच्या साली कापूस वेचणीचे दिवस होते. ती मांडीवर उताणी पडली होती, मी पोटावरून हात फिरवत होतो, तर सडाच्या मुळाशी हरभऱ्याएवढं काही तरी टणक लागलं. दाबलं तरी तिनं हूं की चूं केलं नाही. आठ दिवसांनी बघितलं तर बोराएवढं. मी म्हातारीला, माझ्या बायकोला म्हणलं, गाठ हाय, डाग द्यावा लागंल.

म्हातारी म्हणली, "अवो, मांजर हाय ती. बैल न्हाई."

मी म्हणलं, जीव तो जीव, कातड्याचा काय तो फरक. आणि विळा मोठा होतो म्हणून पोती शिवायचं दाभण काढलं. किती विचार केला मी तिचा, असं तेव्हा मला वाटलं होतं. तिला गोणीत घातली, तोंड आत आणि पोट बाहेर. म्हातारीनं तोंड फिरवून पाय धरले. मी दाभण लाल करून गाठीवर बारीक फुली ओढली. बैल हंबरतो, ते कानाला सवयीचं आहे. ही तान्ह्या लेकरासारखी ओरडली. गोणीतून सुटली ती धान्याच्या कणगीच्या मागं जाऊन बसली आणि दोन दिवस बाहेर आली नाही.

डाग वाळला, खपली धरली. गाठ हाताला लागत नाही, बसली, असं मी पारावर चार जणांना सांगितलं. खरं तर हाताला लागत नव्हती, कारण ती मला हातच लावू देत नव्हती. मांडीवर येणं तर बंदच झालं. मी ओट्यावर बसलो की ती आत जायची, मी आत गेलो की ती ओट्यावर. म्हातारीच्या पायाशी निजायची. मला वाटायचं, रुसलीय, येईल. जनावर डाग विसरतं. बैल दुसऱ्या दिवशी माझ्याच हातची पेंड खातो.

थंडी सरता सरता घरात वास यायला लागला. म्हातारीला वाटलं कणगीखाली घूस मेली. सगळी कणगी हलवली. वास मांजरीचा होता. फुली ओढली तिथंच गाठ फुटली होती. लिंबाएवढी झाली होती आणि पाणी गळत होतं.

एका टोपल्यात तिला घातली, वर दुसरं टोपलं पालथं घालून दोरीनं बांधलं आणि दोघं जीपनं तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. तिनं मांजर टेबलावर घेतली, पोट बघितलं, छातीला नळी लावून लई वेळ ऐकलं. मग म्हणली, "बाबा, हिला कॅन्सर आहे."

मी म्हणलं, मांजरीला? माणसाला तंबाखूनं होतो ते ऐकून आहे, मांजर कुठं तंबाखू खाते? ती हसली नाही. म्हणली, मांजरीलाही होतो, आणि हिचा छातीपर्यंत पोचलाय, आता कापून उपयोग नाही. मग तिनं बोटानं ती फुली दाखवली आणि विचारलं, हे कुणी केलं?

म्हातारी माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणलं, "आमी न्हाई. आधीच्या मालकानं डागलंय, पाच-सहा वर्षांमागं. शेजारी हाय आमचा, ऊसतोडीला गेलाय."

सत्तरी ओलांडलेला माणूस मी. आयुष्यात कुणाचं मिंधेपण घेतलं नाही, कुणापुढं मान वाकवली नाही, आणि तिथं एका पोरीपुढं, गावात नसलेल्या माणसाच्या डोक्यावर ते घालून मोकळा झालो. औषध लिहिता लिहिता डॉक्टरीणबाई एवढंच म्हणली, की गाठ बोराएवढी असताना आणली असती, तर काढता आली असती.

जखम कशी धुवायची ते तिनं दाखवलं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ, स्वच्छ फडकं, आणि वरून मलम. दुखायचं औषध थेंबानं. माणसाची डोकेदुखीची गोळी चुकूनही देऊ नका, म्हणली, मांजर मरते. आणि निघताना म्हणली, लई हाल व्हायला लागले तर सांगा, एक सुई असते, झोपेतच जाईल.

मी म्हणलं, आमच्या दावणीचं जनावर आपल्या मरणानं जातं. आम्ही मारत नसतो. मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला द्यावी लागते, हे तुमच्या पुस्तकात नसेल. असं बोलून टोपलं उचललं.

जखम धुवायची कुणी? म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापतात. म्हणजे मीच. जिला माझा हात नको होता, तिला दिवसातून दोनदा माझाच हात.

म्हातारी तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून धरायची आणि मी धुवायचो. माझ्या वहाणांचा आवाज आला की तिचे कान मागं जायचे. मी वहाणा अंगणातच काढायला लागलो. तरी तिला कळायचं. पाय टाकायच्या आधीच ती भिंतीला चिकटायची. मग मी बोलायला लागलो. मी बोलणारा माणूस नाही, म्हातारीशीसुद्धा कामापुरतं बोलतो. पण तिच्याशी बोलायचो. आज ऊन लई हाय, विहिरीनं तळ गाठला, शेळी व्याली. ती डोळे मिटून थरथरत राहायची.

पारावर एक माझ्याच वयाचा आहे, त्यानं टोमणा मारलाच. "काय बे, बैलाचा वैदू मांजरीची सुईण झाला म्हणं." मी म्हणलं, तुझ्या पोटात गाठ आली की तुलाबी धुतो, ये. सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून मी पारावर जायचं सोडलं.

गुढीपाडव्याच्या सुमाराला शेजारी ऊसतोडीवरून परत आला. पहिलं मांजरीकडे आला. तिचं पोट बघून तिच्यापाशी खाली बसला. ती त्याच्या हाताला नाक लावून हुंगली. मग तो मला म्हणला, "आबा, लई केलं तुमी तिचं. माझ्यानं झालं नसतं." मला त्याच्याकडे बघवलं नाही. मी शेळी सोडायच्या निमित्तानं उठून गेलो. त्याला अजून ठाऊक नाही की दवाखान्यात मी त्याचं काय सांगून आलो होतो.

ऊन वाढलं तशा माशा वाढल्या. टोपल्यावर ओलं गोणपाट टाकायचो, दर तासाला भिजवायचो. तरी एके दिवशी जखमेत अळ्या दिसल्या. चिमट्यानं एकेक काढल्या. बैलांच्या खुरातून काढल्यात शेकड्यानं, कधी मोजल्या नव्हत्या. त्या दिवशी मोजल्या. ती खायची बंद झाली. दूध पिचकारीनं गालात सोडायचो, ते दुसऱ्या बाजूनं गळून जायचं. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या आणि तोंड उघडं राहायचं. मांजर तोंड उघडून श्वास घेताना मी कधी बघितली नव्हती.

म्हातारी म्हणली, बाईला बोलवा. मी म्हणलं, बघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणली. मी म्हणलं, आज दोन थेंब दूध आत गेलं, बघितलंस ना. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी सकाळी मी पिचकारी भरत होतो, तर म्हातारीनं माझ्या हातातून ती काढून घेतली.

"एक इचारू? तिला कावून ठिवलंय तुमी? बरी व्हावी म्हून, का मरायच्या आधी एकदा तुमच्या मांडीवर यावी म्हून?"

पन्नास वर्षं झाली लग्नाला. मला इतकं आतलं ती कधी बोलली नव्हती. मी चिडलो नाही. चिडायला काही राहिलंच नव्हतं, कारण ते खरं होतं. रोज धुताना मनात तेच असायचं. आज ती माझ्याकडे सरकेल. आज लुगडं सोडल्यावर पळणार नाही. सोन्याची मांजर, दावणीची रीत, हे सगळं त्याच्या वरचं पांघरूण होतं.

तशीच जीप पकडून तालुक्याला गेलो. डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून एका माणसाच्या शेळीला बघत होती. तो जाईपर्यंत थांबलो. मग म्हणलं, तो डाग मी दिलाय, कापूस वेचणीच्या टायमाला, शेजाऱ्यानं न्हाई.

ती म्हणली, "मला माहीत होतं बाबा. पाच-सहा वर्षांपूर्वीचा डाग असा दिसत नाही."

मी विचारलं, "डागल्यानं झालं का हे?"

"नाही. डागल्यानं कॅन्सर झाला नाही. पण डागलं आणि तुम्ही निवांत झालात. त्या चार महिन्यांत तो वाढला."

एवढंच बोलली. रागानं नाही. रागानं बोलली असती तर मी उलट बोललो असतो, मला ते येतं. मी खाली बघून म्हणलं, सुई द्यायला घरी या. ती दुपारी लसीसाठी आमच्याच बाजूला येणार होती. म्हणली, चारला येते.

चारच्या आधीच आली. ओट्यावर सावली होती. म्हणली, बाबा, तुम्ही धरा, आधी झोपेची देते, मग दुसरी. म्हातारी आत निघून गेली. मी लुगडं न घेता नुसत्या हातांनी मांजर उचलली. अंगात काही उरलं नव्हतं, फडक्यासारखी हलकी. वाटलं, आता काय विरोध करणार. पण सुई टोचली तशी तिनं सगळा जीव गोळा केला. नखं माझ्या मनगटात रुतवली, अंग पिळलं आणि माझ्या हातातून सुटायला बघितलं. गोणीत केलं होतं तसंच. मी सोडली नाही. हळूहळू नखं सैल पडली.

डॉक्टरीणबाई म्हणली, आता हिला काही कळत नाही, मांडीवर घ्या. मी मांडी घातली आणि तिला घेतली. तिचे पाय लोंबत होते, ते मी दुमडून नीट केले. दुसरी सुई दिली. तिचा श्वास कधी थांबला ते मला कळलं नाही. जनावराच्या अंगावर हात ठेवला की सगळं कळतं म्हणायचो, पण बाईनंच नळी लावून सांगितलं.

बाई गेली. मांडीला मुंग्या आल्या तरी मी उठलो नाही. म्हातारी आतून आली, चाचपत तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याजवळ टेकली. म्हणली, "बसली की वो शेवटाला तुमच्या मांडीवर."

माझी समजूत घालत होती ती. मी म्हणलं, "बसली न्हाई. मी ठिवली."

मग खड्डा खणायला मी टिकाव मागितला.